उत्तरेश्वरच्या एक गल्ली पुढे

दुपारी एक ते चार या वेळात पुण्यात काही घडत नाही, आणि घडलंच तर त्यानं चारनंतर पुन्हा यावं, अशी जुन्या पेठांची अपेक्षा असते. नदीकडच्या एका पेठेतल्या तीन गल्ल्यांवर मात्र दैवानं सूड उगवला होता. खडकवासल्याचं धरण भरलेलं असो की आटलेलं, या तीन गल्ल्यांच्या नळांना पाणी यायचं ते दुपारी दोनला. म्हणजे डोळा लागतो न लागतो तोच उठायचं, पंप सुरू करायचा आणि टाकी भरेपर्यंत खात्याचा उद्धार करत बसायचं. वेळ बदलावी म्हणून तीन गल्ल्यांनी मिळून एकोणचाळीस अर्ज केले होते. चाळिसाव्याचा मसुदा तयार होता, पण त्यातल्या एका वाक्यावरून दोन इमारतींमध्ये बोलणं बंद झालं होतं.

हे पाणी सोडणारा माणूस म्हणजे उत्तरेश्वर सुरवसे. खात्याच्या कागदोपत्री व्हॉल्व्हमन, गल्लीत तोंडावर ‘पाणीवाले’ आणि पाठीमागे बरंच काही. धाराशिवकडच्या एका गावात टँकरमागे घागर घेऊन धावण्यात त्याचं बालपण गेलं होतं. त्या माणसाच्या हातात पुढं पुण्यातल्या दोन हजार घरांचं पाणी आलं. त्यानं ते बावीस वर्षं अशा थाटात सोडलं, की खडकवासला जणू त्याच्या सासऱ्यानं आंदण दिलेलं असावं.

त्याचं हत्यार म्हणजे छातीइतकी उंच लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खालच्या व्हॉल्व्हवर बसवायची आणि आडव्या दांड्याला धरून गोल गोल फिरवायची. प्रत्येक व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा ते ठरलेलं. शाळेजवळचा तेरा, मारुतीच्या मागचा साडेएकोणीस, मधल्या गल्लीतला तेवीस. एक आटा कमी पडला तर चढावरची घरं कोरडी, एक जास्त झाला तर उतारावरची ओली. असे चौसष्ट आकडे उत्तरेश्वरच्या डोक्यात होते आणि कुठंही लिहिलेले नव्हते. ते लिहायचे नाहीत ही बापूरावांची शिकवण.

बापूराव त्याच्या आधीचे पाणीवाले. त्यांनी उत्तरेश्वरला हाताखाली घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “उत्तऱ्या, आकडा कागदावर आला की दुसऱ्याच्या खिशात गेला. मग तुला कोण विचारतो?” झाकण लावल्यावर त्यावर चावीनं तीनदा ठोकायची पद्धतही त्यांचीच. दोन ठोके लागोपाठ, मग दम खाऊन तिसरा. तो ऐकला की बायका पंप सुरू करायच्या. उत्तरेश्वरनं आकडे उचलले, तसे ठोकेही उचलले. फक्त बापूरावांची तंबाखू त्यानं दुप्पट केली.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही एकाच वॉर्डात शेजारी शेजारी होते. बापूराव गेले. उत्तरेश्वर बावीस दिवसांनी घरी आला, अकरा किलो उतरून आणि तंबाखू सोडून. कागदावर तो बरा झाला होता.

आता चार वर्षं झाली. जिभेला चव थोडीफार परतली, नाक मात्र गेलं ते गेलंच. मुक्ताईनं फोडणी जाळली तरी त्याला पत्ता नसायचा, आणि या एका गोष्टीवर मुक्ताई, म्हणजे त्याची बायको, खूश होती. बाकीचं हसण्यासारखं नव्हतं. दहा तास झोपून उठला तरी रात्रभर विहीर खणल्यासारखा उठायचा. एक दिवस जरा जास्त काम झालं की पुढचे दोन दिवस अंथरुणात. बोलता बोलता शब्द हरवायचे. ताटावर बसून एकदा तो पाच मिनिटं चमचा मागत होता आणि चमचा हा शब्द काही केल्या सापडत नव्हता.

“ते दे गं. ते. त्यानं हे खातेत ते.”

“हे म्हंजे?”

“ते, त्यानं.”

“हातानं खावा,” मुक्ताई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

गल्लीत प्रत्येकाकडे एक काढा होता आणि प्रत्येकाचा काढा शेजाऱ्याच्या काढ्यापेक्षा जुना होता. उत्तरेश्वर सगळे प्यायला. वास येत नसल्यामुळे ते त्याला जमलं.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी तो मधल्या गल्लीत आला, झाकण उचललं, चावी बसवली आणि जोर लावला. चावी हलेना. व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडलेला होता. खाली पाणी धावत होतं.

काल बंद करायला विसरलो असेन, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो पहिल्या गल्लीच्या कोपऱ्यावर पोचला आणि त्याला मधल्या गल्लीतून ठोके ऐकू आले. दोन लागोपाठ, मग दम खाऊन तिसरा.

उत्तरेश्वर पळाला. चार वर्षांत तो पळाला नव्हता, त्यामुळे पंधरा पावलांत छातीचा भाता झाला आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. गल्ली रिकामी होती. सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. एक मांजर स्कूटरच्या सीटवर झोपलेलं. इमारतींचे पंप मात्र एकामागून एक सुरू होत होते, म्हणजे ठोके त्यांनीही ऐकले होते. उत्तरेश्वर झाकणापाशी वाकला. तापलेल्या लोखंडावर घामट पंज्याचा ठसा उमटलेला होता. पाचही बोटं स्पष्ट. तो बघत असतानाच ठसा कडेकडेनं वाळत आत सरकला आणि नाहीसा झाला.

त्यानं आटे मोजले. बरोबर तेवीस.

तेवीस हा आकडा जगात दोनच माणसांना माहीत होता आणि त्यातला एक वैकुंठात पोचलेला. दुसऱ्या कुणाची यावर बोबडी वळली असती. उत्तरेश्वरला आधी हायसं वाटलं. बापूराव निवृत्तीनंतर सात वर्षं रोज दुपारी दोनला घरात अस्वस्थ फेऱ्या मारायचे, हे त्यांच्या बायकोनं सांगितलेलं त्याला आठवलं. तो माणूस मेल्यावर का म्हणून गप्प बसेल? आणि चेला धापा टाकतोय हे त्यांना वरून दिसत असणारच.

तर मग त्यांचा मान राखायला हवा. दुसऱ्या दिवशी बारा वाजता इकडून जाताना त्यानं चुना लावलेल्या तंबाखूची एक पुडी मधल्या गल्लीतल्या झाकणाच्या कडेला ठेवली. दोननंतर आला तेव्हा पुडी गेलेली आणि पाणी सुटलेलं.

आठ दिवस हा कारभार चालला. बाराला पुडी ठेवायची आणि दोनला काम झालेलं बघायचं. कधी कधी तो त्या रिकाम्या गल्लीत उभा राहून हलक्या आवाजात म्हणायचा, “बापूराव, मारुतीमागचा जरा आवळून धरतोय, बघा.” आणि मारुतीमागचा व्हॉल्व्ह मऊ लागायचा. अंगावर काटा यायचा, पण तो काटा त्याला आवडायला लागला होता.

नवव्या दिवशी संध्याकाळी त्यानं चहाचा कप तोंडाला लावला आणि मुक्ताई समोर येऊन उभी राहिली.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“तंबाखू.”

“सोडून चार वर्सं झाली. तुझ्यासमोर सोडली की.”

“अहो, तोंडाला वास मारायलाय. तुमचं नाक गेलंय, माझं हाय जाग्यावर.”

“तुझ्या गळ्याची आन.”

“माझ्या गळ्याला कशाला त्रास? आरशात बघा.”

तो रागारागानं उठला. मोरीवरच्या आरशात त्यानं खालचा ओठ ओढून धरला. हिरडी आणि गालाच्या मध्ये, बापूराव ठेवायचे त्याच जागी, डाव्या बाजूला, तंबाखूचा बार होता. उत्तरेश्वर खात होता तेव्हा कायम उजव्या बाजूला ठेवायचा. त्यानं चूळ भरली. पुन्हा भरली. मोरीतलं तपकिरी पाणी जाळीतून खाली जाईपर्यंत तो बघत राहिला. आरशात परत बघायचं धाडस त्याला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मधल्या गल्लीत कुसुमताई पेंडशांच्या दारात गेला. कुसुमताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, तळमजल्यावर एकट्या राहायच्या आणि त्यांची खिडकी बरोबर झाकणासमोर होती. पाणी रोज किती वाजता आलं हे त्या अकरा वर्षं वहीत टिपत होत्या. वर्तमानपत्राला पत्र लिहिताना पुरावा हवा म्हणून. वर्तमानपत्रानं त्यांचं पत्र एकदा छापलं होतं, तेही पुरावा काढून टाकून.

“ताई, एक विचारायचंय.”

“पाण्याबद्दल असेल तर विचारायचं मी आणि उत्तर द्यायचं तुम्ही, असा आपला शिरस्ता आहे.”

“दुपारी दोनला हितं चावी घेऊन कोण येतं?”

कुसुमताईंनी चष्मा खाली घेतला. “टोपी घालत चला, उत्तरेश्वर. ऊन फार आहे.”

“सांगा की, ताई.”

त्याचा चेहरा बघून त्या आत गेल्या. वही आणली. “मागच्या आठवड्यात मंगळवारी एक छप्पन्नला आपण आलात. व्हॉल्व्ह उघडलात, ठोकलंत आणि कोपऱ्यापर्यंत गेलात. तिथे भिंतीकडे तोंड करून चार मिनिटं उभे होतात. मला वाटलं, नको त्या गोष्टीला उभे आहात. मग एकदम पळत परत आलात आणि उघडलेलाच व्हॉल्व्ह पुन्हा उघडायला लागलात.”

“आन् दुसऱ्या दिवशी?”

“त्या दिवसापासून एक नवीन प्रकार सुरू झाला. बाराला पुडी ठेवता आणि दोनला आपणच उचलता. माझ्या पायरीवर बसून मळता, खाता. गप्पाही मारता.”

“कुणासंगं?”

“शेजारी कुणी नव्हतं. ‘उत्तऱ्या, आकडा लिहू नको’ असं म्हणत होतात. मला वाटलं, स्वतःला एकेरीत दटावण्याची पद्धत असेल तुमच्याकडे.” त्यांनी वही मिटली. मग, जे त्यांनी अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं, ते केलं. त्याला आत बोलावून चहा दिला.

डॉक्टरकडे मुक्ताई घेऊन गेली. डॉक्टर बाई तरुण होती, पण ऐकून घेणारी होती. आधीच्या तिघांनी रिपोर्ट बघून ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं होतं. हिनं अर्धा तास प्रश्न विचारले, आणखी तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाली, “करोना जातो, पण काही जणांत त्याचं मागचं राहतं. थकवा, श्वास, वास, डोक्यातलं धुकं. वर्षानुवर्षंही राहतं. तुमचे हातपाय बावीस वर्षांच्या सवयीनं काम करतात आणि डोकं त्याची नोंदच ठेवत नाही, असं दिसतंय. दमलात की जास्त होत असेल.”

“रिपोर्ट तर समदे नॉर्मल हायत.”

“हे सगळं मावेल असा रिपोर्ट अजून निघालेला नाही.”

तिनं चिठ्ठी लिहून दिली. एकट्यानं जबाबदारीचं काम नको, बैठं काम द्यावं. उत्तरेश्वरनं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि ती खिशातच राहिली. बैठं काम म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. जिन्याखालची खुर्ची आणि समोर आवक-जावकचा शिक्का. चावी गेली की चौसष्ट आकडे घेऊन माणसानं करायचं काय? शेतात पेरायचे?

“दिली का चिठ्ठी सायबाला?” मुक्ताई रोज विचारायची.

“साहेब रजेवर हायत.”

गंधार साहेब, म्हणजे त्याचा तरुण इंजिनिअर, तीन आठवडे मुक्ताईच्या हिशेबी रजेवर होता. प्रत्यक्षात तो रोज सकाळी उत्तरेश्वरला भेटून ‘सुरवसे, ऑल ओके ना?’ विचारत होता आणि ऑल ओके असं ऐकून जात होता.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी मोठी पाइपलाइन फुटली. आठ फूट खड्डा खणला. त्यात नागोराव उतरला. नांदेडकडचा पन्नाशीचा फिटर, बोलायला जहाल आणि हाताला सोनं. बरोबर त्याचा मेहुणा. दोघांनी पाइपाचा फुटका तुकडा कापून काढला. आता खड्ड्याच्या एका भिंतीतून पाइपाचं उघडं तोंड बाहेर आलं होतं, माणसाच्या डोक्याएवढं, आणि त्याच्यासमोर दोघं बसून नवा जोड बसवत होते. त्या तोंडामागचं सगळं पाणी मधल्या गल्लीतल्या व्हॉल्व्हनं अडवलेलं होतं.

“सुरवसे, व्हॉल्व्ह फुल क्लोज ठेवा,” गंधार फोनवर म्हणाला होता. “मी कॉल करेपर्यंत टच नाही करायचा.”

अकरा वाजता उत्तरेश्वरनं तेवीस आटे मोठ्यानं मोजत व्हॉल्व्ह बंद केला होता. नागोरावनं पाइपात हात घालून खात्री केली होती. सगळं चोख होतं. पण दीड वाजला तशी उत्तरेश्वरच्या पायांत ती ओळखीची जडता भरायला लागली. सकाळपासून ऊन झालं होतं, धावपळ झाली होती. हळूहळू एक एक घर झोपायला लागलं. पडदे ओढले गेले. कुकरच्या शिट्ट्या थांबल्या. आणि दोन वाजता आपले पाय कुठं जातात, हे त्याला आठवलं.

तो खड्ड्याच्या काठावर ओणवा झाला.

“नागोराव, ही चावी खाली धरा.”

“इथं बसायला जागा न्हाई, हे लोखंड कुठं घालू? उरावर?”

“घाला उरावर. पण धरा.”

“वर ऱ्हाऊ द्या की.”

“साहेब आले तर सायबाला द्या. मी मागितली तर देऊ नका.”

नागोरावनं मान वर केली. “तुमचीच चावी, आन् तुमालाच द्यायची न्हाई?”

“मला द्यायची न्हाई. काय बी बोललो तरी.”

“उन्हानं डोस्कं सटकलंय,” नागोराव मेहुण्याला म्हणाला, पण त्यानं चावी घेतली आणि पाइपाच्या आडोशाला उभी केली. उत्तरेश्वर काठावरच्या मातीच्या ढिगावर बसला. घड्याळात एक पन्नास झाले होते. तो बाटलीतलं पाणी प्यायला. झाकण लावलं. खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. तो आवाज धरून ठेवायचा, सोडायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

“सतरा,” त्याच्या कानाशी कुणीतरी म्हणालं.

आवाज त्याचाच होता. तो मधल्या गल्लीत उभा होता. झाकण उचलून बाजूला ठेवलेलं. तो व्हॉल्व्हवर वाकलेला, दोन्ही मुठी छातीसमोर घट्ट आवळलेल्या, आणि त्या हवेत गोल गोल फिरत होत्या. मुठींत काही नव्हतं. त्यानं हात थांबवायला बघितलं. ते अठराव्या आट्याला थांबले.

खिडकीत कुसुमताई उभ्या होत्या. त्यांनी वही उघडलेली नव्हती.

“उत्तरेश्वर,” त्या हळूच म्हणाल्या, “मी दोनदा हाक मारली. तुम्ही ‘ओ’ दिलीत, पण हात थांबवले नाहीत.”

घड्याळात दोन वाजून चौदा मिनिटं झाली होती. तो भिंत धरत, थांबत थांबत, खड्ड्यापर्यंत गेला. खाली दोघंही काम सोडून उभे होते. नागोरावनं चावी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि त्याची पाठ मातीच्या भिंतीला टेकलेली होती.

“दिली न्हाई,” नागोराव म्हणाला.

“मी आलो होतो?”

“आता दहा मिंटं झाली. हितंच, काठावर. म्हणालाव, ‘काम झालं, साहेबाचा फोन आला, चावी द्या.’ मी म्हणलं, जोड कुठं बसलाय अजून. तर म्हणालाव, ‘बसतोय. आपल्याला वेळ गाठायची हाय.’”

“रागावलो का?”

“न्हाई.” नागोरावनं मेहुण्याकडं बघितलं. “हसत होताव. लई मायेनं बोलत होताव. ह्येनं तर चावी उचलून वर केली होती. म्या हात धरला ह्येचा.”

मेहुणा उत्तरेश्वरच्या तोंडाकडं एकटक बघत होता, ओळख पटते का ते तपासल्यासारखा.

उत्तरेश्वर मातीच्या ढिगावर बसला. फोन मांडीवर ठेवून त्यानं गंधारचा नंबर लावला.

“साहेब, चावी नागोरावांपाशी हाय. दुसरं कुणी पाठवा घ्यायला. आकडे मी सांगतो, लिहून घ्यायला लावा त्याला. चौसष्ट हायत, येळ लागंल.”

“सुरवसे, काय झालं? आणि आकडे लिहून? तुम्ही तर मला पण सांगत नव्हता.”

“आज सांगतो. आठवतेत तवर घ्या.”

“थांबा, मीच येतो. तुम्ही कुठे आहात आत्ता?”

फोन तसाच धरून उत्तरेश्वर खड्ड्यावर वाकला.

“नागोराव, मी हितंच हाय न्हवं?”

नागोरावनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं.

“हाव,” तो म्हणाला. “सध्या तरी.”